अक्का दोनदा विचारायच्या

आमच्या हॉस्पिटलच्या गेटवर साक्षात देव येऊन उभा राहिला असता, तरी वत्सलाक्कांनी त्याला विचारलं असतं, "कुठून आलात? कुणाकडे? नातं काय?" त्यानं बिचाऱ्यानं सगळं नीट सांगितलं असतं आणि मग अक्का तेवढ्याच थंडपणे म्हणाल्या असत्या, "पुन्हा सांगा."

मी जयनगरच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, गेटसमोरच्या चौकशीच्या खिडकीवर लागले, तेव्हा लग्न होऊन बंगळूरला आलेली नवी सून होते. माहेर निपाणी. पहिल्या दिवशी चांगली साडी नेसून, केसांत अबोली माळून गेले तर गेटवरच अडले. अंगणातल्या करंजाच्या सावलीत, गेटला लागून लोखंडी स्टुलावर एक ठेंगणी बाई बसलेली. पांढरी साडी, निळा काठ, चष्मा दोरीनं गळ्यात. माझ्या हातातली पिशवी त्यांनी न विचारता घेतली.

"अहो, मी इथं कामाला आहे आजपासून," मी म्हटलं.

"असशील," त्या म्हणाल्या आणि माझा डबा काढून झाकण उघडून चक्क हुंगला. "काय आहे?"

"भाकरी आणि झुणका."

"गाव कुठलं?"

"निपाणी."

"तंबाखूचं गाव. खातेस का?"

मला असा राग आला म्हणता! आमच्या घरात कुणी सुपारीसुद्धा खात नव्हतं. पण आवाज रडका निघाला. "नाही हो!"

"डब्यात काय आहे, पुन्हा सांग."

"भाकरी, झुणका... आणि ठेचा. ठेचा सांगायचा राहिला मघाशी."

त्यावर त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, "सरी" म्हणाल्या आणि गेट ढकललं. ठीक आहे या अर्थाचा हा कानडी शब्द बंगळूरात रिक्षावाल्यापासून भटजीपर्यंत सगळेच वापरतात, त्यात काही विशेष नाही. पण अक्कांचं 'सरी' मिळाल्याशिवाय आमच्या हॉस्पिटलात पाऊल टाकता येत नसे. संध्याकाळी चार वाजता भेटायची वेळ झाली की फूटपाथवर रांग लागायची आणि रांगेतला जो तो त्या एका शब्दाची वाट बघत उभा असायचा. तो मिळाला की पितळी बिल्ला हातात पडायचा. एका पेशंटमागे एकच बिल्ला. आतला बाहेर आला तरच दुसरा आत.

पुढे ओळख झाल्यावर मी त्यांना विचारलं, "पहिल्या दिवशी मला का सोडलंत?"

"तुझा ठेचा राहिला म्हणून," त्या म्हणाल्या. "निपाणी, एक ध्यानात ठेव. खोटं बोलणारा घरून पाठ करून येतो. दोनदा विचारलं तर दोन्ही वेळा शब्दाला शब्द तेच म्हणतो. खरं बोलणाऱ्याचं दुसऱ्या वेळी काहीतरी इकडेतिकडे होतंच. एखादी गोष्ट वाढते, एखादी राहते. त्याला पाठ करायची गरजच नसते ना."

मला त्या शेवटपर्यंत निपाणीच म्हणायच्या. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

अक्का मूळच्या बंगळूरच्या जुन्या बाजारातल्या, चिकपेटेतल्या कापडवाल्या मराठी घरातल्या. त्यांचे पूर्वज इकडे कधी आले ते त्यांनाही सांगता यायचं नाही. त्यांच्या मराठीत स्वल्प, सरी असं कानडी सारखं यायचं आणि माझ्या 'बघा की, जावा की'ला मात्र त्या हसायच्या. पूर्वी वॉर्डात नर्स होत्या. पाठीच्या दुखण्यामुळं गेटवर आल्या. त्या म्हणायच्या, "मी वॉर्डात होते ना, तेव्हाच बघितलंय. इथं दुष्मनांपेक्षा मायेची माणसं जास्त घात करतात." पोटाचं ऑपरेशन झालेल्या एका मुलाला त्याच्या आजीनं मायेनं बेसनाचा लाडू भरवला होता. पुढं काय झालं ते अक्कांनी कधी सांगितलं नाही. पण तेव्हापासून त्या प्रत्येक डब्याचं झाकण उघडत.

त्यांचं खरं कसब मी एकदा धडधडीत समोर बघितलं. वर एक म्हातारी होती, आनेकलकडची. विधवा, मूलबाळ नाही, नावावर जमीन. तिच्याकडे एक गृहस्थ आला. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, हातात इडलीचा डबा आणि डोळ्यांत पाणी तयार. म्हणाला, मी तिच्या नवऱ्याचा पुतण्या. लहानपणी काकूनंच मला मोठं केलं, काल कळलं आणि पहिल्या बसनं निघालो. हे सगळं कानडीत, मी मराठीत सांगतेय. रांगेतल्या बायका हळहळल्या. मलाही वाटलं, जाऊ द्यावं हो बिचाऱ्याला.

"पुन्हा सांगा," अक्का म्हणाल्या.

त्यानं सांगितलं. तेच, तसंच, 'पहिल्या बसनं'वर गळाही तसाच दाटला. अक्कांनी डबा मागितला. तो म्हणाला, इडली आहे, गरम आहे. अक्कांनी एक इडली उचलली, दुसरी उचलली. तिसरीच्या खाली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं शाईचं पॅड, अंगठे उठवायचं! तो माणूस डबा तिथंच टाकून असा पळाला की त्याची एक चप्पल आमच्याकडे राहिली. ती अक्कांनी बरेच दिवस स्टुलाखाली ठेवली होती आणि कुणी फार गोड बोलायला लागलं की पायानं हळूच पुढं सरकवायच्या.

आता सांगा, अशा बाईला कुणी चूक कसं म्हणावं? आमचे ट्रस्टी, मोठे डॉक्टर, सगळे त्यांना वचकून असत. एकदा तर ट्रस्टच्या अध्यक्षांनाच त्यांनी भेटायची वेळ संपली म्हणून बाहेर काढलं होतं.

त्यांचे यजमान केशवराव म्हणजे सगळंच उलटं. चिकपेटेत छोटं साड्यांचं दुकान. समोरचा म्हणेल ते खरं. गिऱ्हाईक म्हणालं रंग गेला, हे साडी बदलून देणार. साडी दोन वर्षं नेसलेली दिसत असली तरी देणार. कधी अक्कांना न्यायला आले की गेटबाहेरच उभे राहत. मी म्हणायची, "अण्णा, आत या की, तुम्हाला कोण अडवतंय?" ते हसून म्हणत, "नको गं बाई. मला एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा आठवत नाही." या दोघांचा एकुलता एक मुलगा सुधाकर. बापाबरोबर दुकान बघायचा. गप्प, सरळ, पण विसरभोळा. सकाळी काय जेवला विचारलं तर आकाशाकडे बघायचा.

चौऱ्याण्णव साली गणपती गेले, पितृपक्ष लागला आणि सुरतेत प्लेग आल्याची बातमी आली.

सुरत आमच्यापासून लांब, असं कुणाला वाटेल. पण चिकपेटेतली निम्मी मराठी दुकानं सुरतेच्या साड्यांवर चालायची आणि दिवाळीच्या खरेदीला माणसं नेमकी त्याच दिवसांत तिकडं गेलेली. ती सगळी पळत सुटली. इकडं गावात सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. औषधांच्या दुकानांत टेट्रासायक्लिनच्या गोळ्या मिळेनात. कुणी खोकलं की बसमधली माणसं उठून उभी राहायची. शेजाऱ्याकडं पाहुणे आले तर आधी ते कुठून आले हे विचारायचं आणि मग कसे आहात म्हणायचं. सगळं गाव एकदम वत्सलाक्का झालं होतं म्हणा ना.

मोठ्या डॉक्टरांनी नियम केला. सुरतेकडून आलेल्या कुणालाही वॉर्डात सोडायचं नाही. सायकलींची शेड रिकामी करून तिथं चटया टाकल्या. ज्याला पेशंटजवळ थांबायचंच आहे, त्यानं पहिला आठवडाभर शेडमध्ये राहायचं, डॉक्टर रोज तपासतील, ताप आला नाही तर वर. मुंबईहून आलेल्याला ताप नसला तर सोडायचं. आणि कोण कुठून आलंय हे कुणी ठरवायचं? अर्थात अक्कांनी.

झालं! त्या दिवसापासून सुरतेला कुणी गेलेलंच नव्हतं. सगळे जवळच्याच देवनहळ्ळीहून, सगळे आनेकलहून. चिकपेटेतले शेटजी, ज्यांनी जन्मात आनेकलची बस बघितली नव्हती, तेही म्हणायला लागले, "अक्का, शेतावर होतो." अक्का शांतपणे म्हणायच्या, "कुठल्या शेतावर? काय पेरलंय?" आणि मग, "पुन्हा सांगा."

एक जण आला, बायको बाळंतीण म्हणून. सासू त्याच्या मागं उभी. म्हणाला हुबळीहून आलो. दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा एकसारखं. अक्कांनी पिशवीचं तोंड उघडलं, नाक आत घातलं आणि म्हणाल्या, "हुबळीला घारी कधीपासून करायला लागले?" पिशवीत सुरतेच्या घारीचा डबा. तुपात थिजलेली ती मिठाई सुरतेला गेलेला प्रत्येक कापडवाला आणतोच, अक्कांच्या माहेरी लहानपणापासून यायची. साथीच्या भीतीनं सगळं टाकून पळाला, पण मिठाई घेऊन पळाला! त्याला शेडमध्ये बसवलं. सासूनं तोंडाला पदर लावून अक्कांना शिव्या मोजल्या. आणि त्याच दिवशी दिवेलागणीला त्याला ताप भरला. प्लेगचा नव्हता, साधाच निघाला, दोन दिवसांनी उतरला. पण हे कळेपर्यंत बाळंतिणीच्या वॉर्डातली प्रत्येक बाई अक्कांच्या पाया पडायला तयार होती. डॉक्टर म्हणाले, "अक्का, तुमच्या नाकाला आमचा नमस्कार."

त्या दिवशी अक्का मला फार उंच दिसल्या होत्या. आता वाटतं, तो नमस्कार त्यांना बाधला.

कारण त्याच आठवड्यात केशवरावांना दुकानातच छातीत कळ आली. आमच्याच हॉस्पिटलात आणलं. पहिल्या मजल्यावर हृदयाच्या वॉर्डात, अंगणाकडच्या खिडकीजवळची खाट. जीव वाचला, पण डॉक्टरांनी अक्कांना बाजूला घेऊन सांगितलं की दुसरा झटका कधीही येऊ शकतो, काही सांगता येत नाही. केशवराव शुद्धीवर आले आणि एकच विचारायला लागले, "सुधा कुठे आहे?"

सुधाकर त्याआधीच दिवाळीच्या खरेदीला निघाला होता. मुंबईला मामाकडे उतरायचं आणि तिथून सुरतेला जायचं, असं ठरलेलं. साथीची बातमी आल्यापासून त्याचा पत्ता नव्हता. मामाच्या घरी फोन नव्हता, म्हणून अक्कांनी त्याच्या शेजाऱ्यांकडे फोनवर बापाच्या आजाराचा निरोप ठेवला, आणि पुन्हा स्टुलावर येऊन बसल्या. मी म्हटलं, "अक्का, अण्णांजवळ बसा, गेट मी बघते." त्या म्हणाल्या, "तू सगळ्यांना सोडशील."

आणि एका दुपारी चारच्या रांगेत सुधाकर उभा.

अंघोळ केलेली, केस ओले, इस्त्रीचा शर्ट. रांग मोडून पुढं आला नाही हो तो. आपला नंबर येईपर्यंत उभा राहिला. घारीवाल्याची सासू तिथंच होती, जावई अजून शेडमध्ये होता ना. ती मोठ्यानं म्हणाली, "आता बघू या. अक्का आपल्या पोराला काय करतात ते बघू या." सगळी रांग पुढं वाकली.

"कुठून आलास?" अक्कांनी विचारलं.

सुधाकर म्हणाला, "मुंबईहून. मी मामाकडेच होतो. सुरतेची गाडी धरणार त्याच सकाळी बातमी आली. मामानं जाऊ दिलं नाही. निरोप मिळाला आणि काल गाडीत बसलो."

मला बाई एवढं हायसं वाटलं! मी खिडकीतूनच बिल्ला पुढं केला.

अक्कांनी बिल्ला घेतला नाही. "पुन्हा सांग."

"मुंबईहून. मी मामाकडेच होतो. सुरतेची गाडी धरणार त्याच सकाळी बातमी आली. मामानं जाऊ दिलं नाही. निरोप मिळाला आणि काल गाडीत बसलो."

शब्दाला शब्द. मला ते ऐकू आलं आणि मी पुढं केलेला बिल्ला मागं घेतला. सकाळी काय जेवला ते न आठवणारा हा मुलगा! अक्कांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"शेडमध्ये बस," त्या म्हणाल्या.

"आई, मी गेलोच नाही सुरतेला!"

"शेडमध्ये बस."

त्यानं खिशातून तिकीट काढलं, मुंबई ते बंगळूर. अक्का म्हणाल्या, "सुरतेहून येणारा मुंबईवरूनच येतो. तिकीट मुंबईचंच असणार." तो म्हणाला, "मग शेजाऱ्यांकडे फोन करून मामाला विचार." त्या म्हणाल्या, "मामा तुझाच. तू त्याला सांगून ठेवलं नसशील कशावरून?" मी धावत जाऊन डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी त्याला तपासलं, ताप नाही, घसा साफ. ते म्हणाले, "अक्का, सोडा हो. बाप वाट बघतोय."

"घारीवाल्यालासुद्धा दुपारी ताप नव्हता, डॉक्टर. वर एकटा माझा नवरा नाही. बाकीच्यांचे पण नवरे आहेत."

डॉक्टर परत वॉर्डात गेले. घारीवाल्याची सासू रांगेत मागं सरकली. सुधाकरनं एकदा आईकडे बघितलं आणि शेडमध्ये जाऊन चटईवर बसला. मला इतका संताप आला होता त्या बाईचा! आणि तेवढीच भीतीही वाटत होती की त्यांचं बरोबर असलं तर?

त्या संध्याकाळी केशवरावांचा डबा घेऊन अक्का वर निघाल्या, मला म्हणाल्या, "चल गं बरोबर." एवढ्या वर्षांत त्यांनी मला कशालाही बरोबर बोलावलं नव्हतं. केशवराव उशीला टेकून बसले होते. गाल आत गेलेले. त्यांनी डब्याकडे बघितलं, मग बायकोकडे.

"सुधा आला?"

"नाही अजून," अक्का म्हणाल्या.

केशवरावांनी डबा बाजूला सारला. मग हळूच म्हणाले, "पुन्हा सांग."

मी खोटं सांगत नाही, दुसऱ्यांदा अक्कांना ते म्हणताच येईना. त्या खाटेच्या कडेवर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. दोन्ही वेळचं उत्तर, तिकीट, शेड, सगळं. मला वाटलं, हा माणूस आता चिडेल आणि त्यातच काही होईल. पण केशवराव हसले. म्हणाले, "मला खिडकीशी घे."

आम्ही दोघींनी खाट सरकवली. खाली अंगणात करंजाखाली सुधाकर उभा होता, जणू कुणी सांगून ठेवल्यासारखा वर बघत. बापानं हात वर केला. मुलगा तोंडाशी हात धरून ओरडला, "बाबा, मी सुरतेला गेलो नव्हतो!"

केशवरावांचा आवाज खाली पोचण्याएवढा नव्हताच. त्यांनी नुसती मान हलवली, पुन्हा पुन्हा. मग बायकोला म्हणाले, "खरं बोलतोय तो."

"तुम्हाला काय, सगळेच खरं बोलतात," अक्का म्हणाल्या. पण आवाजात नेहमीचा दम नव्हता.

मग रोज चार वाजता तो झाडाखाली यायचा आणि आम्ही खाट सरकवायचो. एकदा केशवरावांनी काचेवर बोटानं काहीतरी काढून दाखवलं, दुकानाचं कुलूप असावं, आणि सुधाकरनं खिशातून किल्ली काढून उंच धरली. दोघंही हसले. अक्का त्या वेळी गेटवर असायच्या. पाठ अंगणाकडे. एकदाही वळून बघितलं नाही त्यांनी. मी मात्र बघत होते, दोन्हीकडे.

आणि सुधाकरचा आठवडा संपत आलेला असताना एका सकाळी, चहा यायच्या वेळेला, केशवराव गेले. कुणाला हाक मारायलासुद्धा सवड मिळाली नाही. अक्का जवळ होत्या. त्या एकट्याच जिना उतरल्या, शेडपर्यंत गेल्या, म्हणाल्या, "सुधा, चल वर."

तो उठला. सगळं समजला तो. तरी जागचा हलला नाही. "आता काही विचारायचं नाही?" एवढंच म्हणाला. मग धावत वर गेला. गेटवर त्या वेळी कुणीच नव्हतं.

दहाव्याला मी त्यांच्या घरी गेले. मुंबईचा मामा आलेला. पुढच्या खोलीत चटईवर आम्ही सगळे. बोलता बोलता मामा सहज म्हणाला, त्या बिचाऱ्याला काय माहीत, "नशीब, सुधाला मी सुरतेला जाऊ दिलं नाही. आमच्या दारातून परत फिरवला. बंगळूरच्या गाडीत बसवायला मी स्वतः आलो होतो. निदान बापाजवळ तरी राहायला मिळालं असेल त्याला."

अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या मुलाला म्हणाल्या, "मग तू दोन्ही वेळा तेच तेच का बोललास रे?"

"पाठ केलं होतं म्हणून," सुधाकर म्हणाला. "आख्ख्या गाडीत पाठ करत आलो. खरंच होतं गं ते. पण तुझ्यापुढे एक शब्द इकडचा तिकडे झाला असता तर? बाबांना भेटायचं होतं मला." आणि मग आवाज चढवून, "तुझ्यापुढे खरं बोलायचं तरी तयारी करून यावं लागतं, आई!"

माझ्या जिवाचा नुसता चोळामोळा झाला. पोटच्या पोराला आपल्या या युक्तीची इतकी धास्ती असेल, हे त्या बाईच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. अक्का उठून आत गेल्या आणि मामाच्या ताटात भात वाढायला लागल्या.

प्लेग पुढं ओसरला. आमच्या शेडमधल्या एकालाही तो निघाला नाही. घारीवाला बाळाला घेऊन घरी गेला, सायकली परत शेडमध्ये आल्या. अक्काही परत आल्या, स्टूल तेच. सगळ्यांना वाटलं आता बाई मऊ होईल. कुठली! दोनदा विचारणं तसंच, डबे हुंगणं तसंच. पण कुणी तरणा मुलगा येऊन म्हणाला की वर वडील आहेत, तर अक्का पदरानं चष्मा पुसायला लागायच्या आणि बिल्ला मला द्यायला सांगायच्या. हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नसेल.

घरी दोघंच. सुधाकर दुकान बघायचा, आईचं औषधपाणी करायचा, कशाला कमी नाही. फक्त कुठं जातो, कुठून आला, ते सांगायचा नाही. आणि अक्का विचारायच्या नाहीत. एकदा मला म्हणाल्या, "निपाणी, काल तो दोन तास उशिरा आला. मी भात पुन्हा गरम केला. तो जेवला, झोपला." एवढंच. जिचा सगळा जन्म विचारण्यात गेला, तिला स्वतःच्या घरात प्रश्न उरला नव्हता.

मग त्या रिटायर झाल्या. स्टूल गेलं. बिल्ले गेले. कुठल्याशा एजन्सीचा निळ्या कपड्यातला पहारेकरी आला, जो खुर्चीत बसून रेडिओ ऐकायचा आणि आल्यागेल्या सगळ्यांना मान डोलवायचा. डब्यात कुणी हत्ती नेला असता तरी चाललं असतं.

नव्याण्णव साली अक्का आमच्याकडेच भरती झाल्या. हृदयच. पहिला मजला, अंगणाकडची खिडकी. मी वर गेले तर पहिला प्रश्न, "गेटवर तो कोण बसतो? काही विचारत नाही लोकांना. मी इथून बघते."

सुधाकर रोज चार वाजता यायचा. डबा माझ्या खिडकीत ठेवायचा, "आईला द्या" म्हणायचा आणि अंगणात जाऊन करंजाखाली उभा राहायचा. थोडा वेळ वर बघायचा, आणि जायचा. गेट सताड उघडं. कुणी अडवत नव्हतं. मी एकदा चिडून म्हटलंच, "अहो, वर जावा की! किती दिवस असं करणार?" तो म्हणाला, "माझी जागा इथंच आहे." माणसानं किती धरून ठेवावं? पण त्याला तरी कसं बोलू? खिडकीत धरलेला बापाचा तो हात मीही बघितला होता.

डबा मीच वर न्यायची. अक्का तो हुंगायच्या नाहीत आता. उघडायच्या आणि खायच्या.

एका दुपारी मी खिडकीवर कुणाचा तरी पत्ता सांगत होते, तर जिन्यावरून अक्का उतरताना दिसल्या. हॉस्पिटलचा झगा, कठड्याला घट्ट धरलेलं, एक पायरी आणि मग थांबणं. मागून नर्स ओरडत होती. मी उठले तर त्यांनी हातानंच मला बस म्हणून सांगितलं. माझ्यासमोरून गेल्या, दाराबाहेर गेल्या, अनवाणी, तशाच त्या झाडापर्यंत. सुधाकरनं त्यांना येताना बघितलं, पण तो पुढं झाला नाही.

अक्का त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. धाप लागलेली. मला वाटलं आता माफी मागतील, रडतील. पण ज्याला जे येतं तेच तो करणार. आख्ख्या गेटला ऐकू जाईल अशा जुन्या आवाजात त्यांनी विचारलं, "कुठून आलास?"

सुधाकरचं तोंड एकदम लहान मुलासारखं झालं. किती वर्षांनी हा प्रश्न आला होता त्याला.

"दुकानातून," तो म्हणाला.

आता पुढचं येणार. पहारेकऱ्यानंसुद्धा रेडिओ बारीक केला, काय चाललंय ते बघायला.

"सरी," अक्का म्हणाल्या.

एकदाच विचारलं. एकदाच.

सुधाकर खाली वाकला. मला वाटलं, पाया पडतोय. पण त्यानं स्वतःच्या चपला काढून आईच्या पायांपुढं ठेवल्या. म्हणाला, "अनवाणी कशाला आलीस? ऊन केवढं आहे." मग दोघं माझ्या खिडकीसमोरून वर गेली. त्याच्या मोठ्या चपला अक्कांच्या पायांत फटफट वाजत होत्या आणि त्या त्याला सांगत होत्या की खाली बसलेल्या त्या निळ्या कपड्यातल्याला काढून टाका, कुणालाही आत सोडतो.